कोरांटीला पाणी कुणी घातलं?

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि मला विचाराल तर त्याची लायकीही तेवढीच होती. लहानांनो, पुढे सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण या गोष्टीतला सगळा गाढवपणा मोठ्यांनीच केलेला आहे.

त्या राजाच्या मुलखात पाऊस बेताचा. डोंगरात एक धरण होतं. धरणातून एक पाट निघायचा आणि गावागावांतून वळणं घेत खाली यायचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाटाला पाणी सोडत. ज्या गावाला पहिली पाळी मिळे, त्याची रानं भिजत आणि विहिरी भरत. शेवटच्या पाळीच्या गावाला मिळायचा तो चिखल.

आता पहिली पाळी द्यायची कुणाला? राजाच्या कुठल्याशा पूर्वजाने एक रीत घालून दिली होती. माघी पौर्णिमेच्या सुमाराला राजाचा फुलकारभारी गावोगाव फिरायचा. पाऊस सरून महिने लोटलेले, रानात हिरवी काडी नाही, अशा दिवसांत ज्या गावच्या चावडीपुढचा ताटवा सगळ्यांत जास्त फुललेला असेल, त्या गावाला पाटाची पहिली पाळी. पूर्वजाच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. पुढे कुणी विचारलंही नाही.

म्हणजे पाणी मिळावं म्हणून फुलं हवीत, आणि फुलं यावीत म्हणून पाणी हवं. लक्षात आलं का काय चाललं होतं? माघात विहिरी तळाला जायच्या, आणि अख्खा मुलूख उरलंसुरलं पाणी उपसून झेंडूच्या आणि शेवंतीच्या मुळाशी ओतायचा. गुरं गोठ्यात हंबरायची. बायका कोरड्या घागरी घेऊन परत यायच्या. झेंडू मात्र टवटवीत! असल्या झेंडूला काय पुजायचंय?

पाटाच्या अगदी शेपटाला एक गाव होतं आणि त्या गावात एक म्हातारी होती. तिचा मुलगा पावसाळा सोडला तर वर्षभर मेंढरं घेऊन परमुलखात हिंडायचा, त्यामुळे घरात ती आणि तिची सून. म्हातारीच्या नाकावर कायम राग. कोंबडी ओट्यावर चढली तरी राग, शेजारणीने हाक दोनदा मारली तरी राग. गावाला त्याची सवय झाली होती. म्हातारी तणतणत निघाली की लोक हसून बाजूला व्हायचे.

मग एका माघात ते हसू बंद झालं.

म्हातारीची नात तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती. तिला ताप भरला. अंग इतकं तापलं की हात ठेववेना. म्हातारीने माठ वाकडा करून बघितला, तर माठात पाणी नव्हतं. विहिरीतही नव्हतं. विहिरीतलं सगळं पाणी पाटलाने चावडीमागच्या हौदात भरून घेतलं होतं, ताटव्यासाठी. हौदावर राखणदार बसवला होता, हातात काठी देऊन.

म्हातारी तांब्या घेऊन धावत गेली. राखणदाराने काठी आडवी धरली.

"आत्ता न्हाई काकी. परवा कारभारी येऊन गेलं की ने."

"अरं, पोर तापानं फणफणलीय! कपाळावर फडकं वलं करून ठेवायपुरतं दे!"

"परवा मिळंल," राखणदार म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला हुकूम होता, आणि हुकूम असला की चांगली माणसंही काय काय करतात ते तुम्ही पाहिलंच असेल.

पोरीने परवापर्यंत वाट पाहिली नाही. तिला गावाबाहेरच्या मुरमाड टेकडीवर पुरलं. आणि पहिली पाळी? ती दुसऱ्याच गावाला गेली. त्यांचा झेंडू जास्त मोठा होता म्हणे.

कारभारी येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी विहिरीवर गेली. तिने रहाटावरचा दोर सोडला, पोहरा सोडला, दोर खांद्यावर टाकला आणि घरी नेला. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती रोज सकाळी दोर घेऊन यायची, विहिरीत असेल-झिरपेल तेवढं पाणी प्रत्येक घराला सारखं शेंदून द्यायची आणि दोर घेऊन परत जायची. तुला हा अधिकार कुणी दिला, असं तिला विचारायची पाटलाचीही छाती झाली नाही. आतल्या आत सगळ्यांनाच आपली लाज वाटत होती. उघड बोलायला मात्र एकाची जीभ उचलली नाही. मूग गिळून बसायला गाव फार लवकर शिकतं.

म्हातारीचा पूर्वीचा राग लहानसहान गोष्टींवर उडायचा आणि विझायचा. आता तो विझेना. ती पाटलावर चिडली, राखणदारावर चिडली, राजावर चिडली, माठावर चिडली. वर्ष असंच जळत गेलं असतं. पण फाल्गुनात एका दुपारी ती टेकडीवर गेली, आणि तिथे तिला चिडायला आणखी एक जण सापडलं.

नातीला पुरलं होतं तिथून हाताभर अंतरावर कोरांटीचं झुडूप होतं. काटेरी, धुळीने माखलेलं, पानं बारीक झालेली. आणि त्याच्यावर फुलं! हंगाम सरत आलेला, तरी पिवळीधमक फुलं लागलेली. आसपास सगळी टेकडी भाजून निघाली होती आणि ही बया फुलली होती.

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या लेकराला थेंब न्हाई मिळाला," ती किंचाळली, "आन् तू कुनाचं पानी पिऊन फुललीस गं?"

तिने दोन्ही हातांनी झुडूप धरलं आणि उपटायला लागली. काटे तळव्यात घुसले. तिने सोडलं नाही. ओढलं, हिसडलं, लाथ मारली. कोरांटी हलेना. मग म्हातारीने दगड घेऊन बुंध्याशी खणायला सुरुवात केली. खणत गेली तसं मूळ खालीच चाललेलं. मुरूम संपला, खडक लागला, आणि मूळ खडकाच्या चिरेत शिरलं. हात रक्ताने भरले तेव्हा ती थांबली आणि धापा टाकत खाली बसली.

कुणाचंही पाणी पिऊन नव्हती फुलली ती. पावसात जे मिळालं ते तिने खाली नेऊन ठेवलं होतं. त्यावर तिचं वर्ष निघालं होतं आणि पुढचंही निघणार होतं. दर वर्षी नवं बी पेरावं लागणारं, रोज पाणी मागणारं हे झाड नव्हतं. ते एकदा रुजलं की रुजलं.

म्हातारीने त्या मुळावरून हात फिरवला. मग तिने खणलेली माती परत ढकलली, पायाने नीट दाबली आणि टेकडी उतरली ती थेट चावडीवर.

"पाटला," ती म्हणाली, "तुला फुलंच पायजेत न्हवं? म्या देते. पर हिरीचं पानी ताटव्याला न्हाई. एक थेंब न्हाई."

"पाण्याबिगर फुलं?" पाटील हसायला गेला. तेवढ्यात त्याला म्हातारीचे हात दिसले, आणि त्याने हसू आवरलं. "कसली फुलं काकी?"

"कोरांटी."

चावडीवर कुजबुज झाली. कोरांटी म्हणजे कुंपणाला लावायची. कोरांटी म्हणजे शेरडं आत येऊ नयेत म्हणून. राजाच्या कारभाऱ्यापुढे कोरांटी ठेवायची? गावाचं हसं होईल!

"हसं?" म्हातारी कडाडली. "लेकरं पुरताना न्हाई लाज वाटली, आन् आता कोरांटीची वाटतीया व्हय रं?"

दोर तिच्या घरी असल्याचंही सगळ्यांना आठवलं, आणि कोरांटी ठरली.

मृगाचा पाऊस लागला तसा म्हातारीने गावाला कामाला जुंपलं. टेकडीवरची लहान लहान रोपं मातीच्या गड्ड्यासकट काढली. पिवळी कोरांटी, जांभळी कोरांटी, आणि कडेला लावायला सदाफुली. चावडीपुढचा ताटवा मोठा होता. झेंडूसाठी वर्षानुवर्षं तळ्यातला काळा गाळ आणून टाकलेला, लोण्यासारखा मऊ. त्यात रोपं दाटीने लावली. पावसाने त्यांना पाजलं. आश्विनात पाऊस गेला, तशी म्हातारी ताटव्याभोवती फिरली आणि तिने गावाला एवढंच सांगितलं:

"आता ह्यास्नी पानी घालायचं न्हाई. हात बांधून गप बसायचं."

सांगायला सोपं आणि ऐकायलाही सोपं. पण गप्प बसणं हे जगातलं सगळ्यांत अवघड काम आहे, विशेषतः भ्यालेल्या माणसाला.

दिवाळी झाली. झाडांवर कळ्यांचे झुबके दिसू लागले. सून पुन्हा पोटुशी होती, फाल्गुनात बाळंत व्हायची होती. म्हातारी रोज सकाळी विहिरीत डोकावून बघायची. पाणी उतरत होतं, पण सावकाश. गेल्या वर्षी या दिवसांत ते निम्म्याच्या खाली गेलं होतं. म्हातारीच्या मनाचा हिशेब एवढाच होता, की सुनेच्या बाळंतपणाला घरात भरलेला हंडा असला पाहिजे. बाकी राजा, पाट, पाळी, सगळं गेलं खड्ड्यात.

मग पौष लागला आणि ताटवा बिघडायला लागला.

आधी कडेची सदाफुली लोळली. मग कोरांटीची पानं पिवळी पडली. तहानेने पडतात तशी कुरकुरीत नव्हे, तर लिबलिबीत. कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. गावात लोक एकमेकांकडे बघून मान हलवू लागले. बघा, म्हणत, पाण्याशिवाय कधी झाड जगतं का? म्हातारीच्या नादी लागलो आणि तोंडाला काळं फासून घेतलं.

म्हातारीला काही उमजेना. टेकडीवर जिला कुणी विचारत नाही ती बापडी कोरांटी फुलते, आणि इथे मऊ मातीत मरते? एके सकाळी विहिरीवरून दोर घेऊन परतताना तिने मेलेलं एक झाड धरून ओढलं. टेकडीवर जे हलेना, ते इथे अलगद हातात आलं. मूळ काळं पडून कुजलं होतं, त्याला घाण वास येत होता. तिने मातीत हात घातला. माती ओली होती.

तिने मूठभर चिखल उचलला, चावडीच्या पायरीवर आपटला आणि अशी आरोळी ठोकली, की झाडावरचे कावळे उडाले.

"भाईर या! समदे भाईर या! ही माती वली कशी झाली ते मला सांगा!"

लोक जमले. पाटील आला. कुणी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होतं, कुणी आभाळात ढग शोधत होतं.

"पाऊस पडला व्हय रं पौषात? का झाडं रातीची उठून नदीला गेलती?"

शेवटी कुंभारीण पुढे आली. "म्या एकच तांब्या घातला वो काकी. रोज सांजंला. माज्या वाटणीचाच घातला, दुसऱ्याचा न्हाई."

"म्याबी एकच," सुतार म्हणाला. "पहाटं. झाडाला पानी घालनं पुण्याचं असतंय."

"म्याबी."

"आमीबी. वाटलं, येवढ्यानं काय व्हतंय?"

"मी... मीसुद्धा," पाटील घसा खाकरत म्हणाला. "पाळी गेली तर लोक माझ्या नावानं बोटं मोडतील. म्हनून आपला एक तांब्या."

एकेकाने एकेक तांब्या, प्रत्येकाने दुसऱ्यापासून लपवून. सगळ्या गावाचा एकेक तांब्या म्हणजे किती झालं, याचा विचार करायला कुणाला फुरसत नव्हती. आणि पाणी कुठलं? स्वतःच्या पिण्याच्या वाटणीतलं! पोरांना अर्धा पेला देऊन उरलेलं आणून ओतलं होतं, तेही ज्याला नको होतं त्याला. अहो, याला काय म्हणावं? चोरीसुद्धा माणूस काहीतरी मिळवायला करतो.

म्हातारीने तोंड सोडलं. ते सगळं मी इथे सांगत नाही, लहान मुलं बसली आहेत. पण तिने एकालाही शिल्लक ठेवलं नाही. भित्र्यांनो म्हणाली, बिनडोक्यांनो म्हणाली, तुमच्या हातात पाणी म्हणजे वाटेल ते करायचा परवाना नव्हे म्हणाली. "यापुढं ह्या ताटव्यापाशी कुनी तांब्या घिऊन दिसला," तिने शेवटी ताटव्याजवळ पडलेली काठी उचलली, "तर त्याचं टाळकं फोडीन!"

तेव्हा गर्दीतून तिची सून पुढे आली. तिने एक हात पोटावर धरला होता.

"आत्याबाई, मग पयलं माझं फोडा. माझंबी पानी हाय त्यात."

म्हातारीने उगारलेली काठी खाली घेतली. "तू? पोटात जीव घिऊन तू आपलं पानी झाडाला घातलंस?"

"घातलं. तुमी म्हनलासा, ह्यास्नी तहान न्हाई. पर मला रोज जाता-येता वाटायचं, खरंच न्हाई का? गेल्या साली बी कुनीतरी काठी आडवी धरून असंच म्हनलं व्हतं. आत्ता न्हाई, परवा." सुनेने पायाशी पडलेल्या मेलेल्या झाडाकडे पाहिलं. "मला आता कुनी तहानलेलं बघवत न्हाई, आत्याबाई. झाड असलं तरी."

म्हातारीने हातातल्या काठीकडे पाहिलं. गेल्या वर्षीच्या राखणदाराची होती तशीच काठी, आणि त्याच ताटव्यापाशी ती आता स्वतः उभी होती. तिने काठी टाकून दिली. राग अजून गेला नव्हता, पण तो कुणावर काढावा हे तिला कळेना. माणसांनी तहानलेल्या पोरीला पाणी दिलं नाही म्हणून ती वर्षभर जळत होती. आणि आता तीच माणसं, तहान नसलेल्या झाडाला पाणी पाजून पोरांना कोरडं ठेवत होती. दोन्ही वेळा कारण एकच होतं. भीती.

ती सुनेजवळ गेली. "पोरी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता इतका हळू होता, "तुझं काळीज खोटं न्हाई. पर ह्यास्नी तू पाजलंस आन् ती मेली. ज्याला तहान हाय त्याला पाज. ये."

तिने सुनेला विहिरीवर नेलं आणि खांद्यावरचा दोर तिच्या हातात दिला. "आजपासनं दोर तुझ्याकडं. येईल त्याला पाज. मानूस येऊ दे, ढोर येऊ दे, वाटसरू येऊ दे. पर आधी इचार, तहान लागलीया का म्हनून."

मग मागे वळून गावावर डाफरली, "आन् तुमी काय बघताय? व्हा घरी! पोरांस्नी पानी पाजा!"

माघी पौर्णिमा आली. म्हातारीने ताटवा तसाच ठेवला होता, उपटून काही लपवलं नव्हतं. कडेकडेची झाडं कुजून गेली होती. मधली मात्र वाचली होती, आणि का वाचली ते ऐका. काट्यांमुळे तिथवर कुणाचा तांब्या पोचलाच नव्हता! भोवती मेलेल्या झाडांचं कडं आणि मधोमध पिवळ्या-जांभळ्या फुलांचा एक झुबका, दाट आणि निर्लज्जपणे टवटवीत. सुंदर होता. पण लहान होता. झेंडूच्या ताटव्यापुढे त्याला कोण विचारणार?

दुपारी फुलकारभाऱ्याचा घोडा पाय ओढत गावात शिरला. कारभारी खोगिरावर वाकला होता. गळ्यात हारच हार, इतके की हनुवटी दिसेना. सकाळपासून तो गावामागून गाव बघत आला होता. एकाहून एक ताटवे! प्रत्येक गावाने गळ्यात हार घातला होता. आणि प्रत्येक गावात त्याने पाणी मागितलं, तेव्हा गावकऱ्यांनी हात जोडून सांगितलं होतं, "माफी असावी सरकार, होतं तेवढं फुलांना घातलं."

पाटील धावत पुढे आला. त्याची पाचावर धारण बसली होती. "सरकार, यंदा ताटवा जरा... म्हंजे त्याचं असं झालं..."

कारभाऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने नुसता हात ओठांशी नेला.

सून विहिरीवरच होती. तिने पोहरा सोडला, भरून वर ओढला आणि कारभाऱ्याजवळ आली. त्याने ओंजळ धरली. तिने ओतलं. तो प्यायला, पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायला. मग तिने घोड्यापुढे घमेलं भरून ठेवलं. कारभारी खाली उतरून विहिरीच्या काठावर बसला आणि त्याने आत वाकून पाहिलं. आत पाणी होतं. माघात!

"पोटभर प्यालास?" म्हातारी कमरेवर हात ठेवून समोर येऊन उभी राहिली. पाटलाने डोळे मिटून घेतले. "आता ऐक. तुज्या गळ्यात हाय ती फुलं न्हाईत. कुनाच्यातरी लेकराच्या तोंडचं पानी हाय ते. गेल्या साली त्यात माझ्या नातीचं व्हतं. तू आलास, फुलं मोजलीस आन् गेलास. कुठल्या हिरीत वाकून बघितलंस का कधी?"

कारभाऱ्याने ताटव्याकडे पाहिलं, मधल्या त्या झुबक्याकडे पाहिलं. "याला पाणी किती घातलंत?" त्याने विचारलं.

"न्हाई घातलं म्हनून ते हाय. घातलं ते बघ कडंला कुजलंय."

"आजी, पण रीतीप्रमाणे बघायचं तर तुमची फुलं फार थोडी आहेत. पहिली पाळी तुम्हाला देता येत नाही मला."

"मागितली कुनी?" म्हातारी उसळली. "आमच्या हिरीत पावसापतोर पुरंल येवढं पानी हाय. ज्या गावात तुला घोटभर मिळालं न्हाई, त्या गावाला दे पयली पाळी. आज तुझा घसा सुकला, तू मागत मागत इथवर आलास. तिथल्या पोरांनी कुठं जायचं?"

कारभाऱ्याने गळ्यातले हार एकेक करून काढले. कुठे ठेवावेत कळेना म्हणून हातात धरून उभा राहिला, तोवर पाटलाच्या म्हशीने मान लांबवून ते खायला सुरुवात केली. कुणीही तिला हाकललं नाही.

राजधानीत परतल्यावर कारभाऱ्याने राजाला सगळं सांगितलं. राजा अर्थातच रागावला. पूर्वजांची रीत मोडायची म्हणजे काय! तेव्हा कारभारी म्हणाला, "महाराज, एकच विनंती. उद्या सकाळपासून दरबारात प्रत्येकाने आपल्याला हार घालावा. पाणी कुणी देऊ नये." राजाला हार आवडत, म्हणून त्याने हो म्हटलं. दुपार व्हायच्या आत हारांच्या ढिगातून "पाणी!" असा घोगरा आवाज आला, आणि रीत मोडली.

नवी रीत अशी ठरली, की कारभाऱ्याने गावात शिरल्यावर आधी विहिरीत वाकून पाहायचं आणि मग नुसत्या हौसेखातर ताटवा बघायचा. ज्या गावाने पिण्याचं पाणी फुलांवर ओतलं असेल, त्याने पुढच्या वर्षी ताटव्याचं नावही काढायचं नाही. आणि पाटाची पहिली पाळी फुलं मोजून द्यायचीच नाही, जिथे तहान सगळ्यांत मोठी तिथे ती आधी जाणार. त्या वर्षी ती अशाच एका गावाला गेली, जिथल्या चौकात झेंडू डोलत होता आणि विहिरीत पोरं तळाचा चिखल फडक्यात पिळून घेत होती. म्हातारीच्या गावाच्या वाट्याला शेवटची पाळी आली. थोडं गढूळ पाणी आलं, तेही गेलं. गाव तरलं. फाल्गुनात सून बाळंत झाली तेव्हा घरात हंडे भरलेले होते आणि बाळाला न्हाऊ घालताना पाणी मोजायला कुणी बसलं नाही.

मग गावोगावचे लोक कोरांटीची रोपं मागायला आले. म्हातारीने सगळ्यांना दिली, पण शिव्या घालून दिली. "पावसात लावा," ती प्रत्येकाला दरडावून सांगायची, "पावसानं पाजू द्या, मग हात बांधून बसा. बसवत नसंल तर माझ्या सुनंकडं या, हिरीवर वाटसरूंस्नी पानी पाजायला मानसं लागत्यात." बरेच जण रोप न्यायला आले आणि दुपारभर दोर ओढून परत गेले. काही वर्षांत त्या मुलखात माघ महिना पिवळा-जांभळा दिसू लागला आणि विहिरीही भरलेल्या राहू लागल्या. म्हातारीचा स्वभाव सुधारला असं कुणी सांगत नाही. सुधारायची गरजही नव्हती.

बोध एवढाच: पाणी तहानेला घालावं, भीतीला घालू नये.